काढू की ठेवू?

हुरडा पार्टीला गेले आणि दाढेचा तुकडा तळहातावर घेऊन बसले! मग गावातल्या एका छोट्याशा क्लिनिकमध्ये कळलं, की दात वाचवणं महाग नसतं. महाग असतं ते 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणणं.

'कट्' असा आवाज झाला. इतका स्पष्ट, की शेजारी बसलेल्या मैत्रिणीनेही वळून पाहिलं.

जानेवारीतला शनिवार. मोडनिंबला आमच्या शेतात आगटीभोवती आम्ही सहाजणी कोंडाळं करून बसलेलो. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली कणसं, हातावर चोळून दिलेला गरमागरम हुरडा, सोबत शेंगाचटणी, दही, गूळ आणि रेवड्या. पुण्याहून पहाटे निघून, भिगवण-इंदापूर-टेंभुर्णी करत आलेल्या माझ्या ऑफिसवाल्या मैत्रिणींचं फोटोसेशन जोरात चाललेलं. आणि मी एक रेवडी चावली.

तोंडात काहीतरी टोचलं. खडा असेल म्हणून बाहेर काढलं, तर पांढरट, टोकदार कपचा. जीभ आपोआप डावीकडच्या खालच्या दाढेकडे गेली. तिथे अर्धी दाढ होती आणि उरलेल्या जागी चक्क खड्डा!

खरं सांगायचं तर ही दाढ मला गेलं दीड वर्ष नोटीस देत होती. आधी गार पाण्याने शिवशिवायची. पुण्यातल्या डेंटिस्टने तेव्हाच सांगितलं होतं, "छोटी कीड आहे, फिलिंग करून टाकू. अर्ध्या तासाचं काम." बाराशे रुपये. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात. मग डेडलाइन आली, मग कुणाचं तरी लग्न आलं, मग दिवाळी. एके रात्री दाढ अशी ठणकली की झोप उडाली. मेडिकलमधून गोळ्या आणल्या, तीन दिवस खाल्ल्या आणि काय आश्चर्य, दुखणं गायब! दुखायची थांबली म्हणजे दाढ बरी झाली, असं समजणाऱ्या शहाण्यांच्या यादीत माझं नाव सगळ्यात वर असणार.

"आगं, कशापायी जीवाला घोर लावून घेतीस? उपटून टाक की," आजी म्हणाली. "दाढ गेली की दुखणं बी गेलं. सुटलीस!"

आजीला हे सांगायचा पूर्ण अधिकार आहे. तिच्या तोंडात आज एकही दात नाही. कवळी आहे, पण ती टोचते म्हणून डबीत असते आणि फक्त लग्नाकार्यात बाहेर येते. आम्ही सगळ्या मुठी भरभरून हुरडा खात होतो, तेव्हा ती बाजूला बसून खलबत्त्यात आपला घासभर हुरडा गुळासोबत कुटत होती. दर वर्षी ती असंच करते. इतकी वर्षं मी पाहिलं होतं, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. त्या दिवशी हातात दाढेचा तुकडा होता, म्हणून शिरलं.

किडा नसलेली कीड

आजीची पहिली दाढ गेली ती पंचविशीच्या आत. त्याआधी उपाय झाले होते. दाढ दुखली की भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून त्यांची धुरी तोंडात घ्यायची. धुरीने दातातले किडे मरून बाहेर पडतात, असं सांगणारे जाणकार गावोगाव असायचे. 'कीड लागली' हा आपला शब्दच मुळी तिथून आला असावा असं वाटतं. आणि हे केवळ आपल्याकडे नाही. दातात अळी असते असं अर्धं जग मानायचं. पॅरिसच्या पिअर फोशार या दंतवैद्याने १७२८ मध्ये आपल्या ग्रंथात ही अळी मोडीत काढली. त्यानंतर १८९० मध्ये विलोबी मिलर या बर्लिनमध्ये काम करणाऱ्या अमेरिकन दंतवैद्याने खरा मामला मांडला : तोंडातले जंतू साखर खातात, आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवतं.

आजही गोष्ट तीच आहे. दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, जवळजवळ ९६ टक्के खनिज. पण तोंडातला पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातलं खनिज सुटायला लागतं. लाळ ते आम्ल निवळवते आणि सुटलेलं खनिज पुन्हा बसवायला मदत करते. हा जमा-खर्च दिवसभर चालू असतो. खर्च सतत जास्त झाला की आधी पांढरा डाग पडतो. या टप्प्यावर फ्लोराइडने गाडी मागे फिरवता येते. ड्रिल नको, इंजेक्शन नको. पण एकदा भोक पडलं की इनॅमल परत उगवत नाही, कारण ते तयार करणाऱ्या पेशी दात तोंडात येण्याआधीच संपलेल्या असतात. मग फिलिंगच लागतं. तेही टाळलं की कीड नसेपर्यंत पोचते. आणि नंतर एक दिवस रेवडी चावली जाते.

हायवेलगतचं क्लिनिक

माझा प्लॅन होता सोमवारी पुण्यात जाऊन बघू. म्हणजे परत 'बघू'! चुलतभावाने ऐकलं नाही. बाइकवर बसवून हायवेजवळच्या क्लिनिकमध्ये नेलं. मेडिकलच्या वर एक जिना, बाहेर चपलांची रांग, आत एक खुर्ची, एक असिस्टंट आणि माझ्याच वयाच्या डॉक्टर मॅडम. मला वाटलं होतं इथे फक्त पक्कड असेल. निघालं वेगळंच : कॉम्प्युटरवर क्षणात दिसणारा एक्स-रे, दाताच्या मुळाची लांबी मोजणारं छोटं यंत्र, पॅकबंद निर्जंतुक अवजारं. माझ्या पुणेरी समजुतीचा पहिला कपचा तिथे उडाला.

मॅडमनी दाढेवर गार कापूस टेकवला. काही जाणवलं नाही. मी खूश. त्या नाहीत.

"गार लागून लगेच थांबतं, तेव्हा नस जिवंत असते आणि वाचू शकते," त्यांनी समजावलं. "गरम लागल्यावर बराच वेळ ठणकत राहतं, रात्री आपोआप दुखतं, तेव्हा नस वाचण्याच्या पलीकडे गेलेली असते. आणि एकदम दुखायचं थांबतं, तेव्हा बहुतेक वेळा ती मेलेली असते. तुमची मेलीय."

एक्स-रेमध्ये मुळाच्या टोकाशी छोटी काळी सावली होती. तिथे आतल्या आत संसर्ग साचत होता. गोळ्यांनी काय केलं होतं? फक्त ठणका दाबला होता. अँटिबायोटिकचंही तेच. मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो, मग औषध तिथे पोचणार कसं? आतली घाण काढावीच लागते. एक तर दातासकट, नाहीतर दात ठेवून.

"बोला," मॅडम म्हणाल्या. "काढू की ठेवू?"

तीन खेपांचा हिशोब

माझ्या आधी एक ऊसतोड करणारी बाई बसली होती. गाल सुजलेला, कडेवर पोर. सोलापूर म्हणजे राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेला जिल्हा. हंगामात बीडकडून आणि इतर भागांतून टोळ्या येतात. तिची दाढ वाचण्यासारखी होती, असं मॅडमनी नंतर सांगितलं. तरी तिने काढायलाच लावली.

मी जरा नाराजीनेच विचारलं, "तुम्ही समजावलं नाही का?"

"समजावलं ना. पण तिचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "काढायला वीस मिनिटं. ठेवायला दोन-तीन खेपा, वर कॅप. एका खेपेला तिची नि नवऱ्याची, दोघांची मजुरी बुडते. पुढच्या आठवड्यात टोळी कुठल्या फडात असेल, तिलाच ठाऊक नाही. अर्धवट ठेवलेलं रूट कॅनाल न केल्यापेक्षा वाईट. तुम्ही मात्र येऊ शकता."

हे 'तुम्ही मात्र' माझ्या चांगलंच लागलं. आजीनेही हाच हिशोब केला असणार. पंढरपूरला जायचं तर अख्खा दिवस, घरात लहान मुलं, शेतात कामं. दर दुखण्याला एक दाढ काढत गेली आणि पन्नाशीत तोंड रिकामं झालं. तिच्याकडे पर्याय नव्हता. माझ्याकडे पर्याय होता, बाराशे रुपये होते आणि रस्त्यापलीकडे डेंटिस्ट होता. मी फक्त वेळ काढत बसले होते.

दाढ काढली की जागा रिकामी राहते आणि गोष्ट तिथे संपते, असं आपल्याला वाटतं. ती तिथून सुरू होते. शेजारचे दात त्या फटीत कलायला लागतात, वरची दाढ खाली उतरते, जबड्याचं हाड त्या जागी झिजतं. मग ब्रिज लावायचा तर शेजारचे दोन धडधाकट दात घासावे लागतात. इम्प्लांट लावायचं तर खर्च रूट कॅनाल आणि कॅपच्या कितीतरी पुढे जातो.

आणि माझी ही दाढ साधीसुधी नव्हती. ती पहिली पक्की दाढ. ही वयाच्या सहाव्या वर्षाच्या सुमाराला येते, कुठलाही दुधाचा दात न पडता, गुपचूप मागच्या बाजूला. म्हणून बऱ्याच आईवडिलांना ती दुधाचीच वाटते आणि 'पडणारच आहे' म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होतं. चावण्याचा मोठा भार आयुष्यभर तीच उचलते.

मी म्हटलं, "ठेवा."

आत नेमकं काय करतात?

रूट कॅनाल या शब्दाला आपण उगाच घाबरतो. माझ्या बाबतीत सुई टोचली तेवढंच काय ते जाणवलं. भूल चढल्यावर मॅडमनी दाढेभोवती रबराची पातळ चादर ताणून बसवली. तिच्यामुळे लाळ आत जात नाही आणि अवजार घशात जायची भीती राहत नाही. मग वरून छोटं दार उघडून आतली मेलेली नस काढली. खालच्या पहिल्या दाढेला सहसा दोन मुळं असतात आणि त्यांत तीन-चार बारीक नळ्या. केसासारख्या लवचीक फाइल्सनी त्या साफ केल्या, औषधी पाण्याने धुतल्या, आत औषध ठेवून तात्पुरतं सिमेंट लावलं. पहिली खेप संपली. परत आले तेव्हा आगटी अजून धुमसत होती!

पंधरा दिवसांनी दुसरी खेप. नळ्या कोरड्या करून त्यात गट्टापर्चा भरला. हा एका आग्नेय आशियाई झाडाचा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलवर ज्याचं वेष्टन असायचं, तोच माझ्या दाढेत! वरचा खड्डा पक्क्या फिलिंगने बांधला. तिसऱ्या खेपेला माप घेतलं आणि नंतर कॅप बसली. रूट कॅनाल केलेली किडकी दाढ पोकळ भिंतीसारखी असते. कॅप नसेल तर कधी उभी चिरेल सांगता येत नाही, आणि मुळापर्यंत चिरली तर काढण्यावाचून इलाज नसतो. 'दुखायचं थांबलं, कॅप नंतर' म्हणणाऱ्यांची सगळी मेहनत तिथेच पाण्यात जाते.

कॅप बसायलाही काही शिल्लक असावं लागतं. हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर भक्कम दात उरला असेल तर पकड मिळते. माझा उरला होता. "आणखी सहा महिने थांबला असता, तर मी काढू की ठेवू विचारलंच नसतं," मॅडम म्हणाल्या.

एकूण बिल? बाराशेच्या जवळजवळ सहापट, वर पुणे-मोडनिंबच्या फेऱ्या. ऑफिसच्या मेडिक्लेमवर विसंबू नका. बऱ्याच पॉलिसींमध्ये अपघात सोडला तर दातांचा खर्च बसत नाही.

चांदी गेली, सिमेंट आलं

आपल्या आईवडिलांच्या दातात 'चांदी' भरलेली असते. ती खरं तर चांदी, कथील, तांबं आणि जवळजवळ निम्मा पारा यांचं मिश्रण. टिकाऊ, पण काळी. पाऱ्यामुळे पर्यावरणाचा प्रश्न आला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून तिचा वापर मोजके वैद्यकीय अपवाद सोडून बंद केला. आता चालतं ते दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट. त्याचं मूळ रसायन राफाएल बोवेन या अमेरिकन संशोधकाने शोधलं आणि १९६२ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. निळ्या दिव्याखाली ते काही सेकंदांत कडक होतं.

दुसरं, आपण ज्याला सरसकट 'सिमेंट' म्हणतो ते ग्लास आयनोमर. ब्रिटनमध्ये विल्सन आणि केंट यांनी त्याची माहिती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जगापुढे मांडली. ते दाताला स्वतःहून चिकटतं आणि थोडं थोडं फ्लोराइड सोडत राहतं. वीज नसली तरी हाताच्या अवजाराने मऊ कीड खरवडून ते भरता येतं. म्हणूनच २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. सोबत फ्लोराइड टूथपेस्ट आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडही घेतलं. हे शेवटचं औषध थेंबभर लावलं की कीड बऱ्याचदा जागच्या जागी थांबते. ती जागा काळी पडते, पण ड्रिल लागत नाही. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि तीन खेपा न परवडणारे सगळे यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

या सोयी थोड्या थोडक्यांना नको आहेत. याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे २०० कोटी लोकांच्या पक्क्या दातांना कीड आहे.

डेस्कवरची साखर

"मी तर फारसं गोड खात नाही," मी मॅडमना म्हटलं होतं.

"चहा किती वेळा?"

पाच. त्यातले दोन डेस्कवर, घोट-घोट, अर्धा-पाऊण तास. सोबत बिस्किट.

खरी गोम इथे आहे. स्वीडनमधल्या विपेहोल्म इथल्या बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संस्थेत १९४० च्या दशकात रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खाऊ घालून प्रयोग झाला. रुग्णांची संमती नव्हती, आणि आज त्याकडे लाजिरवाणं प्रकरण म्हणूनच पाहिलं जातं. पण त्यातून समजलं ते असं : साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा ती किती वेळा आणि किती चिकटून राहिली, हे दातांना जास्त नडतं. प्रत्येक घोटानंतर लाळेला तोंड पूर्ववत करायला साधारण अर्धा तास ते तास लागतो. आपण तेवढ्यात पुढचा घोट घेतो! जेवणानंतर एक अख्खी जिलबी खाणारा माणूस दिवसभर गोड कॉफी चघळणाऱ्यापेक्षा बरा म्हणायचा.

आजीची डबी

तिसऱ्या खेपेला आजी सोबत आली. "बघू तरी, तुझी डाक्टरीण कशीय," म्हणून. मॅडमनी तिलाही खुर्चीत बसवलं. कवळी कुठे टोचते ते पाहिलं, थोडी घासून दिली. मग हिरड्या नीट तपासताना विचारलं, "आजी, मशेरी लावता?"

लावते. चाळीस वर्षं. पहिली दाढ दुखत होती तेव्हा कुणीतरी सांगितलं, मशेरीने ठणका मरतो. दाढ गेली, बाकीचे दातही गेले, मशेरी मात्र राहिली. भाजलेली तंबाखू ती, दात नसले तरी हिरडीवर फिरतेच. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासली होती. तो अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोगाआधीच्या चट्ट्यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध त्यातून पुढे आला.

आजीच्या खालच्या हिरडीजवळ एक फिकट चट्टा होता. मॅडमनी घाबरवलं नाही. म्हणाल्या, "मशेरी आजपासून बंद. पंधरा दिवसांनी दाखवायला या. गेला तर उत्तम, नाही गेला तर तुकडा तपासायला पाठवू."

बाहेर आल्यावर आजी बराच वेळ गप्प होती. मग मशेरीची डबी चुलतभावाच्या हातात देत म्हणाली, "न्हे, टाक कुठंबी." पंधरा दिवसांनी मी पुण्याला होते. भावाचा फोन आला. चट्टा पुसट झाला होता, मॅडमनी महिन्याने परत बोलावलं होतं. आणि आजी कवळी लावून दुपारी भाकरी खात होती. दुधात कुस्करून नव्हे, चावून.

मला जे दीड वर्षात जमलं नाही, ते तिने एका दुपारी केलं.

लक्षात ठेवा!

● गार पाण्याची शिवशिव हीच फिलिंगची वेळ. ठणक्याची वाट पाहू नका.

● ठणका आपोआप थांबला तर पेढे वाटू नका, एक्स-रे काढा.

● रात्रीचं ब्रश सोडू नका. पेस्ट फ्लोराइडची घ्या आणि नंतर खळाखळा चूळ न भरता नुसतं थुंका.

● चहा-कॉफी एका बैठकीत संपवा. मधल्या वेळी फक्त पाणी.

● दुखऱ्या दाढेपाशी गोळी दाबून धरू नका, हिरडी भाजते. लवंग तात्पुरता आराम देते, उपचार करत नाही.

● रूट कॅनाल केलंत? मग दाढेची कॅप पुढे ढकलू नका.

● वरची दाढ काढली की नजर जाते, हा निव्वळ गैरसमज. पण वाचणारी दाढ काढू नका, ती चावायला लागते!

● घरातल्या मशेरीवाल्या आजीला पुढच्या खेपेला सोबत न्या.